मगवाल्या बाई

आमच्या बाई कुणाही माणसाकडून त्याचा कालचा आख्खा दिवस काढून घेत, आणि त्यासाठी त्यांना एकच शब्द पुरत असे: "मग?" एकदा नाशिकमध्ये शालीमारहून कॉलेज रोडला जाताना त्यांनी रिक्षावाल्याला सहज विचारलं, "काल कधी उठलात?" तो म्हणाला, "सहाला." बाई म्हणाल्या, "मग?" रिक्षा थांबेपर्यंत त्या माणसाने सासूबाईंचं ऑपरेशन, मुलीचा डबा, पंक्चर झालेलं चाक आणि दुपारी गोदाकाठी एकटंच बसून खाल्लेली केळी, एवढं सगळं सांगून टाकलं होतं. उतरताना त्याने दबकत विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कोण?" बाई म्हणाल्या, "मी अर्थशास्त्र शिकवते." त्याचा त्यावर विश्वास बसला नाही. शेजारी बसलेल्या माझाही तेव्हा बसत नव्हता.

सासूच्या 'मग?'मध्ये टोचणी असते आणि पोलिसाच्या 'मग?'मध्ये दांडका. बाईंच्या 'मग?'मध्ये नुसती पुढचं ऐकायची हौस होती. समोरच्याला वाटे, आपल्या कालच्या दिवसात काहीतरी फार महत्त्वाचं घडून गेलंय आणि ते आपल्या लक्षातच आलेलं नाही. तालुक्या-तालुक्यातल्या बायका त्यांना नावाने ओळखत नसत. "मगवाल्या बाई आल्या," असा निरोप एका घरातून दुसऱ्या घरात जाई.

मी त्यांच्याकडे लागले ती एम.ए. होऊन, सव्विसाव्या वर्षी. बाई श्रमाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक. नाशिक जिल्ह्यातल्या सहा गावांत बायका आणि पुरुष आपला दिवस कशात घालवतात, कामात किती, घरात किती, मुलांत किती, याचा अभ्यास त्यांनी काढला होता. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा काल, एका मोठ्या फॉर्मवर ओळीओळीने लिहायचा. अर्थशास्त्र म्हणजे पैसा अशी माझी भाबडी समजूत. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, मजुरीचा रकाना कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "तो शेवटच्या पानावर. आधी माणसाचा दिवस कुठे गेला ते तर कळू दे." मला वाटलं, या बाईंचं काही खरं नाही. दोन महिने ही नोकरी करू, तोवर दुसरी मिळेल. ती दुसरी नोकरी मी अजून शोधलेली नाही.

'काही नाही' हे दोन शब्द फॉर्मवर लिहायला आम्हाला बंदी होती. कुठल्याही बाईला "तुम्ही काय करता?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, घरीच असते." विंचूरला एका घरी मी हे उत्तर इमानदारीत लिहून आणलं. घरातली बाई तेव्हा ओट्यावर कांदे निवडत होती, मोठा एकीकडे, बारका दुसरीकडे, सडका खाली, आणि पायाच्या अंगठ्याने झोळीला झोका देत होती. फॉर्म वाचून आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. आता परत जा, आणि हे 'काही नाही' करायला त्यांना किती वेळ लागतो तेवढं विचारून ये." मी परत गेले. त्या माउलीचं 'काही नाही' सकाळी पाचला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपत होतं.

त्याच घरातला नवरा तिच्या वतीने उत्तरं द्यायला मोठा उत्सुक. ही कधी उठते, कधी जेवते, सगळं त्यालाच ठाऊक. तिसऱ्या खेपेला बाई माझ्यासोबत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा काल आपण निवांत घेऊ, तो महत्त्वाचा आहे." गडी खूश. मग बाईंनी त्याचा काल घेतला. पानटपरी तीन वेळा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "हे जरा जास्तच होऊन राहिलं नाही का?" बाई म्हणाल्या, "असू द्या. मग?" पुढची सगळी उत्तरं देताना तो बायकोकडे बघत होता, आणि बायको कांद्यात तोंड खुपसून हसत होती.

फॉर्मचा शेवटचा रकाना होता 'सोबत कोण'. त्याच्यावरून बाईंचं कितीतरी मोठ्या लोकांशी वाजलं. ते म्हणत, एकत्र काम करत असतील तरच सोबत धरा, नाहीतर माणूस एकटा. बाईंना ते मान्य नव्हतं. "आतल्या खोलीत म्हातारा झोपलाय, बाहेर सून भाकरी करतेय. ती एकटी आहे? तिचा अर्धा कान आत आहे," त्या म्हणत. शेवटी त्यांनी स्वतःचा नियम केला. हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर जो आहे, तो सोबत. आम्ही प्रत्येक ओळीला विचारत असू, "संगं कोण होतं? हाक ऐकू आली असती का?" पाड्यावरच्या बायकांना हा प्रश्न फार आवडे. त्या डोळे मिटून, अंतराचा अंदाज घेऊन उत्तर देत.

पण मला बाईंची खरी थोरवी दिसली ती गावाच्या घड्याळात. तेव्हा डोंगराकडच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नव्हती आणि बायकांच्या हातात घड्याळ नसे. "किती वाजता?" असं विचारण्यात अर्थच नव्हता. त्या सांगत, "घंटा झाली तवा." म्हणून बाई फॉर्म भरायच्या आधी प्रत्येक गावाचं घड्याळ लिहून घ्यायला लावत. आमच्यापैकी एकीने उजाडायच्या आधी गावात एका जागी बसायचं, हातातल्या घड्याळाकडे बघत, आणि अंधार पडेपर्यंत गाव ज्या ज्या खुणांवर चालतं त्यांची वेळ टिपायची. त्र्यंबकला देवळाचा चौघडा, विंचूरला लिलावाचा पुकारा, विणकरांच्या गल्लीत अजान. कुठे एस.टी., कुठे शाळेची घंटा, कुठे उंबऱ्यावरून सरकणारी सावली. असे दोन दिवस बसायचं, एक बाजाराचा आणि एक साधा. त्या कागदाच्या खाली बाई स्वतः 'तपासले' असं लिहून सही करत. एखादी वेळ टिपायची राहिली तर? "'माहीत नाही' लिहायचं," बाई म्हणत. "अंदाजाने लिहिशील तर ते मला कधीच कळणार नाही. 'माहीत नाही' लिहिलंस तर निदान तेवढं तरी मला माहीत होईल."

नियम फक्त आम्हाला नव्हते. दर गुरुवारी बाई स्वतःचा फॉर्म भरत आणि तपासायला आमच्याकडे देत. एका गुरुवारच्या फॉर्मवर मला एक ओळ दिसली. 'चार दहा ते चार वीस: जिन्यात बसून रडले. सोबत: कोणी नाही.' बाईंचे यजमान जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी कोडची यादी वर-खाली चाळू लागले. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "काय गं, कोड सापडत नाहीये का?" प्रत्येक कामाला आमच्याकडे एक आकडा होता, रडण्याला नव्हता. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग नवा कोड काढ. मी काही पहिली नाही." त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले असते, पण त्यांना ते आवडलं नसतं.

आता मला माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. त्याशिवाय या बाई केवढ्या होत्या ते सांगताच येणार नाही.

सहा गावांतलं शेवटचं म्हणजे सुरगाण्याच्या वरच्या अंगाचा एक पाडा. त्याला मी नुसतं 'वरचा पाडा' म्हणते. उन्हाळ्यात तिथला झरा इतका बारीक होई की बायका खाली दरीत उतरून, खळग्यात साचलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. पाड्याला टाकी आणि नळ हवा होता, आणि कुठल्या पाड्याला आधी द्यायचा याची यादी एक समिती करत होती. समितीने बाईंचा अभ्यास मागवला होता. कुठल्या पाड्यावर बायकांचा किती वेळ पाण्यात जातो, याची माहिती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती.

त्या पाड्याचं घड्याळ लिहायला मी गेले. पहिला दिवस बसले. पाड्यावरून सुरगाण्याला जाणारी जीप सातला निघाली, मी टिपलं. लोकही तिला 'सातची जीप' म्हणत. दुसऱ्या दिवशीही बसायचं होतं, पण घरून निरोप आला की रविवारी मला बघायला येणार आहेत, लगेच निघून ये. मी त्याच संध्याकाळी निघाले. दुसऱ्या दिवसाचा कागद एस.टी.त बसून लिहिला, पहिल्या दिवसाच्या वेळा जशाच्या तशा उतरवून. ते स्थळ काही जमलं नाही. मुलगी उन्हाने फार रापलीय, असं कळवलं त्यांनी.

पुढे दुपारच्या वेळी पाड्यावर जाऊन फॉर्म भरले. बायकांनी सांगितलं, "जीप निघाली तवा पानी घेऊन आलो." आम्ही लिहिलं, सात. त्यानंतरची पक्की खूण म्हणजे शाळेची अकराची घंटा. सात ते अकरामध्ये स्वयंपाक, झाडलोट, गुरं, असं सगळं बसवूनही मोठा तुकडा उरला. तो आम्ही 'विश्रांती'त टाकला. बाईंच्या लेखात या पाड्याबद्दल एक वाक्य आलं की इथल्या बायकांना सकाळी थोडी उसंत मिळते. लेख मोठ्या नियतकालिकात छापून आला, नाव झालं. समितीने ते वाक्य वाचलं आणि वरच्या पाड्याला यादीत तळाला टाकलं.

पाच वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी मी पुन्हा त्या पाड्यावर मुक्कामाला गेले. सकाळी परत निघायचं म्हणून पावणेसातला जीपमध्ये जाऊन बसले. सात वाजले, साडेसात वाजले. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अहो, सातची ना ही?"

तो टपावर गोणी बांधत म्हणाला, "नाव सातचं हाय ताई. भरली का निघती."

"रोज किती वाजता भरते?"

"साडेआठ, पावणेनऊ. बाजारच्या दिशी सातलाच भरती, त्या दिशी लय गर्दी."

मी बसले होते तो बाजाराचा दिवस होता. एवढ्यात दरीच्या वाटेने बायका वर आल्या, ओळीने, डोक्यावर दोन-दोन हंडे. पुढे मंजुळाबाई होती. पाच वर्षांपूर्वी तिचा काल मीच लिहिला होता. तिने मला ओळखलं, हंडे उतरवले आणि पदराने मान पुसली. "अगं ताई, तू कवा आलीस?" मी विचारलं, "आत्ता आलात पाणी घेऊन?" ती म्हणाली, "रोज याच वख्ताला. जीप निघाया अन् आमी याया." जीप निघाली तेव्हा माझ्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. म्हणजे आम्ही ज्या वेळेला उसंत लिहिली, त्या वेळेला या बायका दरीत वाटीने पाणी भरत होत्या.

बाईंना सांगायला मला पंधरा दिवस लागले. त्याआधीच्या दिवसांत मी काय काय केलं ते कुठल्याही फॉर्मवर लिहिण्यासारखं नाही. बाई तेव्हा निवृत्त होत होत्या. सत्काराला आठ दिवस उरले होते, त्यांच्या सगळ्या कामाचं पुस्तक छापखान्यात होतं आणि त्या टेबलावर त्याची प्रुफं तपासत होत्या. मी एवढंच म्हणू शकले, "बाई, वरच्या पाड्याची जीप सातला निघत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वाजता निघाली?"

"आठ चाळीसला."

"मग?"

त्या एका शब्दाच्या मागून सगळं बाहेर आलं. जीप, बाजार, एस.टी.त बसून लिहिलेला कागद, बघायला आलेली माणसं. "नकार का दिला त्यांनी?" बाईंनी विचारलं. मी कारण सांगितलं तेव्हा त्या हसल्या, आणि मला आणखीच रडू आलं. मग त्यांनी कपाटातून त्या पाड्याचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"दोन दिवसांच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळताहेत. खऱ्या गावात असं कधी होतं? माझ्यासमोर हा कागद होता आणि मी सही केली." कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "घरून बोलावलं, गेलीस, त्यात काय? या रकान्यात 'माहीत नाही' लिहायचं होतंस. मी दुसरं कुणी पाठवलं असतं."

मी हात जोडले. म्हटलं, निदान सत्कार होऊ द्या, आठ दिवसांनी काय बिघडतंय. बाई म्हणाल्या, "वैशाली, त्या बायका उद्या सकाळी पाण्याला जाणारच आहेत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघी निघालो. बाईंचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. पाड्यावर त्या शाळेच्या पायरीवर तीन दिवस बसल्या, अंधारापासून अंधारापर्यंत, मांडीवर वही घेऊन. तिसऱ्या दिवशी त्या मंजुळाबाईच्या ओट्यावर गेल्या. त्या पाड्यावर कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात, आणि बाईंना ते फार आवडे. बाई म्हणाल्या, "मंजुळा, मी तुझा काल चुकीचा लिहिला. सकाळी तुला उसंत असते असं लिहिलं."

"उसंत म्हंजी?"

"काम नसलं की माणूस टेकतं, ती."

मंजुळाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या बायका गोळा झाल्या. तिने त्यांनाही सांगितलं, त्याही हसल्या. मग एकाएकी ती थांबली. "म्हनून टाकी नाय आली का?"

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून."

बाई मान खाली घालून उभ्या होत्या. एवढी मोठी विदुषी, आणि शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेवटी मंजुळाबाई आत गेली आणि कोऱ्या चहाचा पेला घेऊन आली. "बस," ती म्हणाली. "च्या पी. अन् आता नीट लिव."

सत्काराला सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, कौतुकाची भाषणं झाली. बाई उठल्या आणि म्हणाल्या की माझ्या लेखात एक चूक आहे, ती मी वाचून दाखवते. त्यांनी ती सगळी वाचली. कुठली वेळ चुकली, का चुकली, त्याने काय झालं. मी मागच्या रांगेत उठून उभी राहिले. "बाई, तो कागद माझा होता," एवढं मी म्हणत होते, तोच त्या माइकवरून म्हणाल्या, "वैशाली, खाली बस. सही माझी आहे." पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी गोड आवाजात विचारलं, "मग बाकीच्या पाच गावांचं काय समजायचं आम्ही?" सभागृहात कुजबुज झाली. बाई म्हणाल्या, "तेच उद्यापासून बघणार आहे." शाल घडी करून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि त्या खाली उतरल्या.

पुस्तक त्यांनी छापखान्यातून परत आणलं. पुढचं दीड वर्ष साठीच्या त्या बाई पाच गावांत पुन्हा बसल्या, एक बाजाराचा दिवस, एक साधा. दोन बारक्या चुका सापडल्या, दोन्ही त्यांच्या स्वतःच्या. त्याही छापल्या. काही लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं. बाई म्हणत, "बरं झालं, गुरुवारचा फॉर्म जरा मोकळा झाला." मला त्यांनी कामावरून काढलं नाही. उलट म्हणाल्या, "आता गावांची घड्याळं तू तपासायची. सगळ्यांत चांगलं तुलाच जमेल." माझ्यावर आजवर कुणी एवढा विश्वास टाकलेला नाही, माझ्या आईनेही नाही.

समितीने सांगितलं, यादी आता बंद झाली. बाई तरीही जात राहिल्या. साहेब बदलले की नव्या साहेबांपुढे पहिल्यापासून. दोन उन्हाळ्यांनी वरच्या पाड्यावर टाकी झाली. नळाला पाणी आलं त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या, मंजुळाबाईने बाईंना हंड्याने भिजवलं. सगळे हसत होते. परत येताना जीपमध्ये बाई ओल्या पातळाने बोटांवर काहीतरी मोजत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, झालं की आता." त्या म्हणाल्या, "सात उन्हाळे गेले गं. ते कुठल्या रकान्यात लिहू?"

बाई गेल्या चैत्रात गेल्या. गुरुवार होता. मी दुपारी त्यांच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. जेवून त्या म्हणाल्या, "जरा पडते. चारला चहा टाक." मी बाहेरच्या खोलीत फॉर्म तपासत बसले. चारला चहा टाकला आणि हाक मारली.

त्या दिवसाचा त्यांचा फॉर्म टेबलावर होता, दोनपर्यंत भरलेला. शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात, 'जेवण. पिठलं, भाकरी. सोबत: वैशाली.' पुढच्या ओळी कोऱ्या. डॉक्टरांनी दाखल्यावर अंदाजाने एक वेळ घातली. मला ती फॉर्मवर उतरवता येईना. तो कागद दोन महिने माझ्या पिशवीत तसाच होता.

मग मी वरच्या पाड्यावर गेले. आता तिथे रेंज आहे, मंजुळाबाईच्या कमरेला मोबाइल असतो, गावाच्या घड्याळाची कुणाला गरज उरलेली नाही. तिने माझ्या मागे वाटेकडे पाहिलं. "बाई नाय आली?"

"बाई गेल्या, मंजुळाबाई."

ती ओट्यावर बसली. मलाही बसवलं. मग म्हणाली, "त्या दिशी कवा उठली?"

"साडेपाचला."

"मग?"

मी सांगू लागले. शेवंतीला पाणी घातलं. मग? चहा घेतला, पेपर वाचला. मग? एक लेख दुरुस्त केला. मग? मी गेले, आम्ही जेवलो. मग? त्या आत जाऊन पडल्या. मग? मी चहा टाकला, हाक मारली. त्यापुढे मला सांगता येईना, आणि तिनेही 'मग?' विचारलं नाही. तिचे डोळे वाहत होते. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा रडले ती तिथे, तिच्या खांद्यावर.

मी कागद काढला तेव्हा तिने तो ओळखला. "किती वाजता गेली?"

"माहीत नाही."

"मग तसंच लिव."

मी लिहिलं, 'माहीत नाही.' तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, पण तो रकाना कुठे असतो ते तिला ठाऊक होतं. "संगं कोन व्हतं?"

"कुणी नाही. मी बाहेरच्या खोलीत होते."

मंजुळाबाईने डोळे मिटले, अंतराचा अंदाज घेतला.

"हाक आयकू आली असती?"

"आली असती."

"मग तू संगंच व्हतीस," ती म्हणाली. "लिव."